स्टेगोसॉरसला शंकरपाळे चालतात

वाढदिवसाला मुलाने प्राण्याचा केक मागितला, तर तो विकत आणू नये, घरी करावा, असं माझं ठाम मत आहे. ते मांडण्याआधी दोन खोटी कारणं बाजूला काढून ठेवते. घरचा केक पौष्टिक असतो, हे पहिलं. लोणी, साखर आणि मैदा बेकरीत एकत्र केला काय नि आपल्या ओट्यावर केला काय, पोटात गेल्यावर त्याचं वेगळं काही होत नाही. घरचा केक स्वस्त पडतो, हे दुसरं. चांगलं बटर, बरं चॉकलेट, अंडी, वीज आणि 'असू दे, लागेल' म्हणून आणलेली, पुढच्या वर्षी मुंग्या लागलेली सापडणारी रंगीत साखर, हे सगळं धरलं तर हिशेब न केलेलाच बरा.

खरं कारण असं, की वाढदिवसातलं घरात करण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही. हॉल भाड्याने, फुगे लावायला माणूस, खेळ घ्यायला माणूस, रिटर्न गिफ्टच्या पिशव्या तयार बांधून आलेल्या. ज्याचा दिवस आहे ते पोर नवे कपडे घालून स्वतःच्याच समारंभाला पाहुण्यासारखं येतं, फोटो काढून घेतं आणि दमून झोपतं. केक तेवढी एकच गोष्ट अशी उरली आहे, की जिच्यात पाच-सहा वर्षांच्या माणसालाही खरं काम मिळू शकतं. प्राण्याच्या केकात तर जास्तच, कारण प्राणी कसा दिसतो याबद्दल त्याची मतं आपल्यापेक्षा पक्की असतात.

मी सांगलीत नोकरीभर चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना पहिल्या महिन्यात मी एकच गोष्ट घोकून घ्यायची: वस्तू ओळखू येते ती बाह्यरेषेवरून. ससा म्हणजे दोन कान. हत्ती म्हणजे सोंड आणि पाठीची कमान. मांजराचे कान त्रिकोणी आणि मिशा आडव्या असल्या की बाकी चेहऱ्यात तुम्ही काय घोटाळा केलात याची कोणी चौकशी करत नाही. केकलाही हाच नियम. ज्यांनी कधीच काही केलेलं नाही त्यांनी सशापासून सुरुवात करावी. आठ इंची दोन गोल केक घ्यायचे. एक तसाच ठेवायचा, तो चेहरा. दुसऱ्याच्या दोन बाजूंनी दोन लांबट पाकळ्या कापायच्या, ते कान. मधे उरतो तो तुकडा आपोआप बो-टायच्या आकाराचा निघतो. तो हनुवटीखाली लावायचा. एक तुकडा वाया जात नाही. वरून क्रीम आणि सुक्या खोबऱ्याचा कीस. मिशांना भाजलेल्या शेवया, डोळ्यांना जेम्सच्या गोळ्या. ज्याने कोणी पहिल्यांदा ही कापणी शोधली त्याला मी ड्रॉइंगमध्ये पैकीच्या पैकी गुण दिले असते.

फ्रान्सच्या अल्सास प्रांतात ईस्टरला कोकराच्या आकाराचा केक करतात. भाजक्या मातीचा दोन भागांचा साचा असतो, त्यात पीठ ओतून भाजायचं, उभं कोकरू बाहेर काढायचं आणि वरून पिठीसाखर भुरभुरायची. बस्स. लोकर रंगवत नाहीत की खूर कोरत नाहीत, तरी कोकरू ते कोकरूच.

आपल्याकडे हे नवीन आहे असं कोणी म्हणू नये. रुखवत आठवा. माझ्या लहानपणी लग्नघरी चार बायका दुपारी बसायच्या आणि खोबऱ्याचे ससे, साखरेचे मोर, शंकरपाळ्यांची बैलगाडी, सुपारीचे नवरा-नवरी असा अख्खा संसार मांडायच्या. संक्रांतीला हलव्याचे दागिने होत, बोरन्हाणाला ते पोराच्या अंगावर चढत आणि संध्याकाळपर्यंत निम्मे पोटात जात. खाण्याच्या पदार्थाला आकार देणं ही आपल्या बायकांची चांगली मुरलेली विद्या. फरक एवढाच, की रुखवत व्याह्यांना दाखवण्यासाठी असायचं, त्यामुळे त्यात चुरस असायची आणि अमुकतमुकच्या मोराची मान कशी बसकी होती याची चर्चा पुढच्या लग्नापर्यंत पुरायची. वाढदिवसाच्या केकाचं आज नेमकं रुखवत झालं आहे. तो फोनवरच्या ग्रुपला दाखवायचा असतो, म्हणून तो हुबेहूब हवा असतो आणि हुबेहूब हवा म्हणून फॉन्डंट लागतं.

फॉन्डंटवर माझा राग आहे, तो इथेच काढून घेते. साखर, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन आणि डिंकासारखं किंवा जिलेटीनसारखं काही मळून केलेली ती कणीक. लाटावी, केकवर पांघरावी, तिचे सिंह-जिराफ करावेत. दिसायला गुळगुळीत, मान्य. पण वाढदिवस उरकल्यावर कागदी ताटल्या गोळा करताना पाहा: केक खाल्लेला असतो आणि फॉन्डंटची सालं कडेला काढून ठेवलेली असतात. पावसाळ्यात तर त्याला हवेतलं पाणी सुटतं आणि सिंहाला घाम फुटतो. जो पदार्थ खाणाऱ्याने सोलून टाकायचा, तो केकवर घालायचाच कशाला? घरगुती केकवाल्या बायकांवर माझा रोख नाही, हे स्पष्ट करते. त्यातल्या कित्येकींचा संसार त्या ओव्हनवर चालतो, रात्री दोन-दोनपर्यंत त्या जिराफाच्या मानेत काड्या खुपसत बसतात आणि गिऱ्हाईक दहा फोटो पाठवून 'सेम असाच हवा' म्हणतं. साधा चॉकलेट केक त्यांच्याकडून जरूर घ्या. प्राणी तेवढा घरी करा.

आता प्राणी कोणता, हा प्रश्न मराठी घरात वाटतो तितका सोपा नाही. आमच्या नातवाने, म्हणजे मुलीच्या मुलाने, आधी हत्ती मागितला. माझ्या सासूबाई नव्वदीच्या पुढे आहेत पण कान शाबूत आहेत. त्या म्हणाल्या, "गणपतीच्या तोंडावर सुरी फिरवणार का तुम्ही?" बरं, उंदीर? तो गणपतीचंच वाहन. मोर सरस्वतीचा, वाघ देवीचा. नाग म्हणू नका, नागपंचमीला आपण चिरत-कापत नाही. गाय-बैलाचं तर नावच काढायला नको. कासव म्हटलं तर ते प्रत्येक देवळात गाभाऱ्यासमोर बसलेलं. आम्ही सगळे ओट्याशी उभे राहून एकेक प्राणी बाद करत होतो आणि सासूबाईंची पुराणातली आठवण आमच्यापेक्षा पुष्कळच चांगली निघाली. शेवटी नातू म्हणाला, "डायनोसॉर?" त्यावर त्यांनी बराच विचार केला. डायनोसॉर कोणत्याही देवाचं वाहन नाही.

मी त्याला सुचवून पाहिलं, की करायचाच तर आपल्याकडचा करू. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावच्या टेकडीत एका लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनोसॉरचे अवशेष सापडले आहेत. त्याचं नाव आयसीसॉरस, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं. सांख्यिकी शिकवणाऱ्या संस्थेच्या नावाचा डायनोसॉर जगात दुसरा असेल असं वाटत नाही. पण नातवाला मराठी अस्मिता अजून फुटायची आहे. त्याला पाठीवर तकटं असलेला स्टेगोसॉरसच हवा होता. एका अर्थी बरंच झालं, कारण लांब मान केकात उभी राहत नाही, आत काडी घालावी लागते आणि ती काडी नेमकी कोणत्या पोराच्या घासात येईल सांगता येत नाही.

करायला घेतला जावयांनी. हे मुद्दाम सांगते. कुपवाडच्या एमआयडीसीत ते यंत्रांचे सुटे भाग करतात, मिलिमीटरशिवाय बोलत नाहीत. मुलीला त्या आठवड्यात ऑफिसातून मान वर करायला फुरसत नव्हती. मी फक्त पीठ सांगितलं. कापून आकार द्यायचा असेल तर हलका स्पंज उपयोगाचा नाही, सुरी लावली की भुगा होतो. जुनं पाउंड केकचं माप घ्यावं: अंडी, लोणी, साखर, मैदा चारही वजनाला सारखे. चार अंडी घेतली तर बाकीचे साधारण दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम, वर दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर. दोन टिनांत वाटून 170-180 अंशांवर भाजायचा, सुई कोरडी निघेपर्यंत. आणि गरम केकला हात लावायचा नाही. रात्रभर झाकून ठेवायचा, कापण्याआधी तासभर फ्रीजरमध्ये. मग ब्रेडची दात्यांची सुरी आणि धीर.

स्टेगोसॉरसची युक्ती अशी. एक गोल केक बरोबर मधोमध कापा. दोन अर्धचंद्र मिळतील. ते क्रीमने एकमेकांना पाठीला पाठ चिकटवा आणि कापलेली सरळ बाजू खाली करून उभे करा. झाली कमानदार पाठ! दुसऱ्या केकाच्या कडेतून कोयरीसारखी शेपटी, एक लहानसं डोकं आणि चार ठोकळे पाय. जावयांनी आधी वहीत आकृती काढली, मग पट्टी लावून केक कापला. मी म्हटलं, "अहो, सुरी आडवी धरा जरा, पाठ घसरेल." ते म्हणाले, "आई, गुरुत्वमध्य खाली आहे, नाही घसरणार." नाही घसरली.

क्रीमचं मात्र हवामानावर ठरतं आणि आपल्याकडच्या पाककृतींत ते कोणी सांगत नाही. बटरक्रीम म्हणजे एक भाग बटर, दोन भाग आयसिंग शुगर. थंडीत उत्तम. पण बटर बत्तीस-पस्तीस अंशांवर वितळतं आणि सांगलीचा एप्रिल अडतीस-चाळिसाला टेकतो. पंख्याखाली ठेवलेल्या केकाची पाठ दुपारी तीनला पोटाशी आलेली असेल. म्हणून उन्हाळ्यात गनाश: दोन भाग डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर एक भाग उकळती क्रीम ओतायची, पाच मिनिटं तशीच ठेवायची, मग ढवळायचं. गार झालं की लोण्यासारखं पसरतं आणि नंतर घट्ट बसतं. आधी एक पातळ थर द्यायचा, त्यात भुगा अडकतो, तो फ्रीजमध्ये बसू द्यायचा, मग खरा थर. रंग तपकिरी येतो तो येतो. स्टेगोसॉरस पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याला कोणी पाहिलाय?

रंगाबद्दल माझा सल्ला असा, की प्राणीच असा निवडावा ज्याला रंग लागणार नाही. तपकिरी अस्वल, पांढरा ससा, पिवळं बदकाचं पिल्लू. 2024मध्ये कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा खात्याने बंगळुरूच्या बेकऱ्यांतले केकचे 235 नमुने तपासले, त्यातले 12 कृत्रिम रंगांपायी असुरक्षित निघाले. म्हणजे बहुतेक चांगले होते हेही खरं, घाबरून जाण्यासारखं काही नाही. युरोपात 2010पासून टार्ट्राझिनसारखे सहा रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर मुलांच्या चंचलपणाबद्दल इशारा छापावा लागतो. घरी करताना आपण बाटली उपडी करतो, तोळामासा मोजत नाही, म्हणून जपावं. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद पुरते, आणि सांगलीकराला हळद कुठे मिळते हे विचारायला नको, 2018मध्ये आमच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. फक्त खाण्याचा सोडा असलेल्या पिठात ती घालू नका, लालसर होते. कुंकू करणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. राखाडी आणि काळा रंग मात्र टाळाच. राखाडी क्रीम ताज्या सिमेंटसारखी दिसते आणि काळ्या क्रीमनंतरचे फोटो सगळ्यांच्या दातांमुळे फुकट जातात.

थर बसला, की मोठ्यांनी हात धुऊन बाजूला व्हायचं. इथेच बहुतेकांची खरी परीक्षा असते. नातवाने शंकरपाळ्यांचा डबा मागून घेतला. शंकरपाळं चौकोनी, तिरकं. निम्मं केकात खुपसलं की वर उरतो तो नेमका तकटाचा त्रिकोण. मी एका रांगेत लावायला सुरुवात केली तर त्याने माझा हात धरला. "आजी, दोन रांगा असतात. आणि समोरासमोर नाही, एकाआड एक." बरोबर होतं त्याचं. शेपटीला चार काटे, ते बदामाचे उभे काप. डोळ्याला बेदाणा, मोठी जेम्सची गोळी त्याने नाकारली, कारण स्टेगोसॉरसचं डोकं लहान असतं. शेवटी पाय किंचित फेंगडे होते, डोकं एका बाजूला कललं होतं आणि जावयांना ते दुरुस्त करायचं होतं. मी त्यांना चहा करायला पाठवलं.

फराळाच्या डब्याला केकच्या सजावटीत मान मिळायला हवा, हे माझं जुनं म्हणणं. चकली म्हणजे गोगलगायीची पाठ, दुसरं काही नाहीच. खारीचे पापुद्रे घुबडाच्या पंखांना (सासूबाई ऐकत नसतील तर). खारट-गोड एकत्र कसं, म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आहे. तिथल्या 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' या नियतकालिकाने 1980मध्ये मुलांच्या वाढदिवसाच्या केकांचं पुस्तक काढलं, त्यावर तिथल्या पिढ्या वाढल्या. त्यातल्या पिवळ्या बदकाची चोच चक्क बटाट्याच्या वेफर्सची आहे, डोक्यावरचा तुरा पॉपकॉर्नचा. 'ब्लुई' ही लहान मुलांची मालिका आपल्याकडेही पोरं बघतात, तिच्या 2020मधल्या एका भागात हाच बदकाचा केक करता करता बापाची दमछाक होते. बापाची, आईची नाही. मला ते फार आवडलं.

कारण या लेखावर येणारा पहिला आक्षेप मला ऐकू येतोय: आधीच काय कमी कामं आहेत बायकांना? अगदी खरं. घरचा केक ही आईच्या मायेची परीक्षा होणार असेल, तर बेकरीचा परवडला. शाळेच्या दाराशी 'आमच्याकडे सगळं मी हातानेच करते' म्हणणाऱ्या एका आईमुळे दहा जणींना अपराधी वाटतं, हे मी शिक्षिका म्हणून डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून तर मी म्हणते, की दर्जा खाली आणा. दर्जा खाली आला, की काम कोणालाही करता येतं: बापाला, मामाला, आजोबांना, शेजारच्या अकरावीतल्या ताईला. वाढदिवस बुधवारी असेल तर रविवारी करा, पोरांना तिथीशी देणंघेणं नसतं. आणि तेवढाही वेळ नसेल तर बेकरीतून चॉकलेटचा स्विस रोल आणा, पुढे बिस्किटाचा चेहरा लावा, पाठीवर रंगीत गोळ्या. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने 1990मध्ये असाच सुरवंट बाजारात आणला, आणि 2021मध्ये आल्डीच्या सुरवंटाविरुद्ध ते कोर्टात गेले. पुढच्या वर्षी आपसात मिटलं. आपल्याकडे सुरवंट म्हटलं की अंगाला खाज सुटते, त्यामुळे त्याला अळी म्हणा किंवा आगगाडी म्हणा, पण होतो दहा मिनिटांत.

कापण्याचं काय, असंही विचारतात. काही मुलं आपल्या सशाला सुरी लावताना रडतात. त्यांना रागावू नये. शेपटीकडून सुरू करावं, चेहरा शेवटी ठेवावा, आणि फारच झालं तर चेहरा फ्रीजमध्ये ठेवून द्यावा. दुसऱ्या दिवशी भूक लागल्यावर ही माया बरीच कमी झालेली असते. मेणबत्तीचा वाद आमच्याकडे फुंकर मारायची नाही यावर मिटला. आधी औक्षण, निरांजन तेवत देवापुढे, मग डायनोसॉर. नातवाने पहिली शेपटी पणजीला दिली. तिने काटे काढून ठेवले, बदाम चावत नाहीत म्हणून, आणि बाकीची खाल्ली.

शंकरपाळे मात्र आयत्या वेळीच लावा. आदल्या रात्री लावले तर क्रीमचा ओलावा पिऊन सादळतात, आणि सकाळपर्यंत सगळी तकटं एका कुशीवर झोपलेली असतात.